एका हिरव्या रेघेचा इतिहास

शाळेच्या फाटकापासून झेंडावंदनाच्या ओट्यापर्यंत जाणाऱ्या वाटेच्या दोन्ही कडांना काय लावावे, हा प्रश्न बहुतेक शाळांत कधी ना कधी निघतोच. माळीदादा मेंदी सुचवतात, कोणी कोयनेल म्हणते, रोपवाटिकेतून पिवळ्या पानांचा दुरांटा येतो. अटी मात्र सगळ्यांच्या मनात साधारण सारख्याच असतात. झुडूप गुडघ्याच्या वर जाऊ नये. त्याला बारा महिने पाने असावीत. ते बुंध्यापासून दाट असावे, खालचे उघडे पाय दिसू नयेत. त्याने कात्री सोसावी. शेळीने त्याला तोंड लावू नये. आणि दर दोन-तीन वर्षांनी ते उपटून पुन्हा लावायची पाळी येऊ नये.

वरवर किरकोळ वाटणारा हा प्रश्न चारशेहून अधिक वर्षांपूर्वी फ्रान्स आणि इंग्लंडमधील माळ्यांनी फार गांभीर्याने घेतला होता. त्यावर त्यांनी एक उत्तर शोधले. ते इतके चांगले निघाले की पुढे जवळजवळ सगळ्या युरोपने तेच स्वीकारले. गेल्या तीस वर्षांत मात्र ते उत्तर मोडीत निघू लागले आहे. त्या उत्तराची ही हकिगत.

त्या झुडपाचे इंग्रजी नाव बॉक्स, शास्त्रीय नाव बक्सस सेम्परव्हायरेन्स. सेम्परव्हायरेन्स म्हणजे सदैव हिरवे. आपल्या मैदानी प्रदेशात ते रुजलेले नाही, म्हणून मराठीत त्याला रूढ नाव नाही. हिमालयात मात्र त्याचा एक भाऊबंद रानात वाढतो. नखाएवढी, जाड, चकचकीत पाने समोरासमोर येतात. लाकूड पिवळसर, इतके घट्ट की ओले असताना पाण्यात बुडते. प्राचीन काळी ह्या लाकडाच्या छोट्या डब्या कोरत असत. त्या डबीच्या ग्रीक-लॅटिन नावावरूनच इंग्रजीतील ‘बॉक्स’ हा शब्द आला. आपल्या विद्यार्थ्यांच्या कंपास बॉक्सपर्यंत हे झुडूप असे पोचलेलेच आहे!

आता आपण सोळाव्या शतकाच्या अखेरच्या फ्रान्समध्ये जाऊ. राजवाड्यासमोरच्या सपाट जमिनीवर वाफ्यांची नक्षी काढायची पद्धत तेव्हा रूढ होती. ह्या नक्षीला पार्तेर म्हणत. ती पाहायची वाड्याच्या वरच्या मजल्यावरच्या खिडक्यांतून. क्लोद मोले हा पिढीजात माळी आपल्या वडिलांच्या हाताखाली आने येथील बागेत काम करत होता. 1582 साली एत्येन द्यु पेराक नावाचा वास्तुकार इटलीतून परतला आणि त्याने मोलेला एक नवी कल्पना दाखवली. तोपर्यंत बागेचे लहान लहान चौकोन पाडत आणि प्रत्येक चौकोनात वेगळे चित्र काढत. द्यु पेराकचे म्हणणे असे की, सगळी बाग मिळून एकच मोठे चित्र असावे. पुढे ह्याच वाटेने भरतकामासारखी वळणे घेणारी नक्षी आली. कापडावरचे कशिद्याचे काम जमिनीवर उतरावे तशी. रेघा झुडपांच्या, आणि मधल्या जागेत रंगीत वाळू, विटांची भुकटी किंवा कोळशाची पूड.

अशा चित्रात रेघ तुटली की चित्र बिघडते. भाजीच्या वाफ्याच्या कडेचे एक रोप मेले तर कोणाच्या लक्षातही येत नाही. पण पन्नास पावले लांब वळणदार रेघेतले एक रोप वाळले तर ते खिडकीतून राजाला दिसते. मोलेची अडचण नेमकी इथे होती.

त्या काळी कडेला लावायची झाडे म्हणजे थाइम, हिसॉप, लॅव्हेंडर, मरवा, रोझमेरी अशी सुगंधी झुडपे. बहुतेक सगळी आपल्या तुळशीच्या कुळातील. ती निवडण्यामागे विचार होता. निरनिराळ्या हिरव्या छटा मिळत, वाटेने जाताना वस्त्र घासले की सुवास येई आणि कापलेल्या डहाळ्या स्वयंपाकाला व औषधाला उपयोगी पडत. पण मोले लिहितो की, उन्हाळ्याचा ताप आणि हिवाळ्याची थंडी ह्यांपुढे ही झाडे फार काळ टिकत नाहीत आणि दर तीन वर्षांनी नक्षी पुन्हा लावावी लागते. मजुरी आणि रोपांचा खर्च भरमसाट.

असे का होते, हे आपल्या दारातल्या तुळशीवरून मुलांना समजावता येईल. पहिल्या वर्षी तुळस छान भरलेली असते. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी खालचा भाग काष्ठमय होतो, पाने वरवर सरकतात आणि वृंदावनात काटक्यांवर छत्री धरल्यासारखे दिसते. ह्या वर्गातील बऱ्याच झुडपांच्या जुन्या लाकडातून नवे कोंब सहजासहजी फुटत नाहीत. लॅव्हेंडर बुंध्यापर्यंत छाटले तर ते बहुधा मरतेच.

बॉक्सचे तसे नाही. त्याच्या जुन्या, जाड खोडावरही सुप्त कळ्या असतात आणि छाटल्यावर त्या जाग्या होतात. छाटणीने झुडूप दाट का होते, ह्याचे कारण सर्व वनस्पतींत एकच आहे. शेंड्याच्या कळीत तयार होणारे ऑक्सिन हे संप्रेरक खाली उतरते आणि बाजूच्या कळ्यांची वाढ रोखून धरते. शेंडा कापला की हा दाब जातो आणि एका शेंड्याच्या जागी दोन-तीन फांद्या येतात. तुळशीच्या मंजिऱ्या खुडायला आजी सांगते, त्यामागे हेच शास्त्र आहे. वर्गात प्रयोग करायचा तर मेंदीची सारख्या उंचीची दोन रोपे घ्यावीत, एकाचा शेंडा खुडावा आणि महिनाभर दर आठवड्याला दोन्हींच्या बाजूच्या फांद्या मोजाव्यात. आकडे फळ्यावर मांडले की मुलांना वेगळे सांगावे लागत नाही.

बॉक्सचा आणखी एक गुण म्हणजे त्याचा संथपणा. ठेंगणा वाण वर्षाला जेमतेम काही सेंटिमीटर वाढतो. त्यामुळे वर्षातून एक-दोनदा कात्री फिरवली की रेघ साफ राहते. आमच्या पाहण्यातील दुरांट्याच्या कुंपणाला पावसाळ्यात दर पंधरवड्याला कात्री लागते. आणि ज्या आठवड्यात माळी गावाला जातो, त्या आठवड्यात ते हातभर वाढल्यासारखे दिसते. शिवाय बॉक्सच्या पानांत विषारी अल्कलॉइडे असल्याने गुरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत. (विषारीपणावरून आठवले: दुरांट्याची पिवळी फळेही विषारी आहेत. शाळेत ते लावलेच असेल तर लहान मुलांना हे सांगून ठेवावे.)

मग इतके गुणी झाड मोलेच्या आधी कोणाला सुचले नव्हते काय? सुचले होते. रोमन लोकांना ते चांगले ठाऊक होते. झाडांना कात्रीने आकार देण्याची कला गायस मेशियस ह्या ऑगस्टसच्या मित्राने सुरू केली, असे थोरला प्लिनी सांगतो. धाकट्या प्लिनीने इ.स. 100 च्या सुमारास आपल्या टस्कनीतील वाड्याचे वर्णन एका पत्रात केले आहे. तेथे बॉक्सचे प्राणी कापलेले होते आणि बॉक्सचीच अक्षरे कापून मालकाचे व माळ्याचे नाव लिहिलेले होते. मालकाच्या बरोबरीने माळ्याचेही नाव, ही गोष्ट आम्हांला विशेष आवडली.

सोळाव्या शतकात मात्र फ्रान्समधील प्रतिष्ठितांना बागेत बॉक्स नको असे. अडचण वासाची होती. उन्हात बॉक्सच्या पानांना मांजराच्या मुताची आठवण करून देणारा दर्प येतो. इंग्लंडमध्येही 1597 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या वनस्पतिग्रंथात जॉन जेरार्डने ह्या वासाला नावे ठेवली आहेत. ह्या दर्पाच्या मुळाशी असलेला गंधकयुक्त रेणू 1997 साली बोर्दोच्या संशोधकांनी पानांतून ओळखला. गंमत अशी की, सोव्हिन्यों ब्लाँ ह्या द्राक्षापासून केलेल्या मद्याच्या सुगंधातही तोच रेणू आहे. तेथे त्याचे कौतुक होते आणि बागेत तो नकोसा होतो. प्रमाणाचा आणि प्रसंगाचा हा फरक!

मोलेने 1595 मध्ये चौथ्या हेन्रीच्या सँ-जर्मँ-आँ-ले येथील बागेत बॉक्स लावला. फाँतेनब्लोच्या बागेतही त्याने तेच केले. एका पारड्यात वास आणि दुसऱ्यात दर तीन वर्षांची पुनर्लागवड. राजाच्या खजिन्याने कोणती बाजू घेतली असेल हे सांगायला नको. सुगंधाची हौस मागे पडली आणि रेघेचा टिकाऊपणा पुढे आला.

मोलेचे पुस्तक छापून आले ते त्याच्या मृत्यूनंतर, 1652 मध्ये. पण त्याआधीच बॉक्सची कीर्ती खाडीपलीकडे पोचली होती. लंडनचा औषधविक्रेता आणि उद्यानप्रेमी जॉन पार्किन्सन ह्याने 1629 साली आपल्या मोठ्या ग्रंथात वाफ्यांच्या कडांसाठी काय वापरावे ह्यावर एक प्रकरणच लिहिले आहे. आमच्या मते निवड कशी करावी ह्याचा तो एक उत्तम धडा आहे. पार्किन्सन आधी निर्जीव वस्तू तपासतो: शिसे, लाकडी फळ्या, कौले, गोटे, इतकेच काय, मेंढ्यांच्या पायांची हाडेसुद्धा. हॉलंडकडच्या सखल प्रदेशात काही लोक जबड्याची हाडे लावतात, पण ते फारच ओबडधोबड दिसते असे त्याचे मत. मग तो जिवंत झाडांकडे वळतो. थ्रिफ्ट ह्या बुटक्या फुलझाडात गोगलगायी दडून बसतात. जर्मँडर पसरते, त्याला वरचेवर कापावे लागते. हिसॉप, मरवा, थाइम ही झाडे लवकर बेढब होतात. करड्या पानांचा सँटोलिना सुंदर आणि त्या काळी नवलाईचा, पण तोही दोन-तीन वर्षांनी नव्याने लावावा लागतो. असे एकेक बाजूला करत तो ठेंगण्या बॉक्सपाशी येतो आणि सर्वांत वरचा मान त्याला देतो.

त्याच्या प्रामाणिकपणाची खूण म्हणजे त्याने बॉक्सचा दोषही लपवलेला नाही. बॉक्सची मुळे पसरतात आणि शेजारच्या फुलझाडांचे अन्न ओढून घेतात. त्यावर त्याचा उपाय असा: रुंद पात्याचे लोखंडी अवजार घेऊन वाफ्याच्या आतल्या बाजूने मुळे वेळोवेळी तोडून टाकावीत. रेघही राहते आणि फुलेही.

पार्किन्सनने गौरवलेल्या त्या ठेंगण्या वाणाबद्दल एक गोष्ट येथे नीट लक्षात घ्यायला हवी. हा वाण क्वचितच फुलतो. तो बियांपासून न वाढवता छाटकलमे करून किंवा जुन्या गड्ड्याचे तुकडे पाडून वाढवतात. म्हणजे एका झुडपापासून शंभर, शंभरापासून दहा हजार, आणि सगळी आनुवंशिकदृष्ट्या एकसारखी. माळ्याला हेच हवे होते. रेघेतले प्रत्येक रोप सारख्या उंचीचे, सारख्या रंगाचे, सारख्या वेगाने वाढणारे. बियांपासून केलेल्या रोपांची रेघ इतकी एकसुरी कधीच आली नसती.

ह्या एकसारखेपणावरच आंद्रे ल नोत्रने आपल्या भव्य बागा उभ्या केल्या. व्हो-ल-व्हिकोंत येथील बाग त्याने अर्थमंत्री निकोला फुके ह्याच्यासाठी आखली. 17 ऑगस्ट 1661 रोजी तेथे राजासाठी मेजवानी झाली आणि तीन आठवड्यांच्या आत फुके कैदेत पडला. ल नोत्र मात्र राजाकडे गेला आणि व्हर्सायला लागला. पुढच्या शतकात ही पद्धत युरोपभर पसरली. इंग्लंडच्या राणी ॲनला बॉक्सचा वास सहन होत नसे. 1702 मध्ये गादीवर आल्यावर तिने राजवाड्यांच्या बागांतून तो काढायला लावला. नंतर इंग्लंडमध्ये ‘निसर्गासारख्या’ बागांची लाट आली आणि बऱ्याच सरळ रेघा उखडल्या गेल्या. विसाव्या शतकात त्या परत आल्या. व्हो-ल-व्हिकोंतचे हरवलेले बॉक्सचे भरतकाम आशिल द्युशेनने 1923 मध्ये पुन्हा लावले. लंडनजवळच्या हॅम्प्टन कोर्ट राजवाड्याची खासगी बाग जुने आराखडे पाहून आणि उत्खनन करून 1702 च्या रूपात परत उभारली गेली. ती 1995 साली खुली झाली, बॉक्सच्या कडांसकट.

त्याच्या आदल्याच वर्षी, 1994 मध्ये, इंग्लंडच्या हॅम्पशर परगण्यातील एका रोपवाटिकेत बॉक्सची पाने तपकिरी ठिपके पडून गळू लागली होती. कोवळ्या फांद्यांवर काळ्या रेघा दिसत आणि थोड्याच दिवसांत झुडपाची नुसती काड्यांची जाळी उरे. कारण एक बुरशी निघाली. तिचे शास्त्रीय वर्णन 2002 मध्ये झाले. आज तिला कॅलोनेक्ट्रिया स्युडोनॅव्हिक्युलाटा म्हणतात. ती मूळची पूर्व आशियाकडची असावी असा अंदाज आहे. हिचे बीजाणू चिकट असतात. ते वाऱ्यावर फार लांब जात नाहीत. पावसाच्या थेंबांनी उडतात, माळ्याच्या कात्रीला, कपड्यांना आणि बुटांना चिकटून एका बागेतून दुसऱ्या बागेत जातात. रुजण्यासाठी त्यांना पानावर काही तास पाण्याची ओल लागते. गळलेल्या पानांत ही बुरशी कित्येक वर्षे जिवंत राहते, म्हणून रोगट झाड उपटून त्याच जागी दुसरा बॉक्स लावून भागत नाही.

आता मोलेच्या आणि पार्किन्सनच्या अटी पुन्हा वाचून पाहाव्यात. झुडूप दाट हवे: दाट झुडपाच्या आत वारा खेळत नाही, पाने लवकर वाळत नाहीत आणि बुरशीला हवी ती ओल मिळते. झुडूप बुटके हवे: जमिनीवरच्या रोगट पानांवरून उडालेला थेंब सहज पोचतो. कात्री सोसणारे हवे: कात्रीच रोग वाहून नेते आणि छाटणीनंतरची कोवळी फूट त्याला आयतीच मिळते. सगळी रोपे एकसारखी हवीत: एक बळी पडते तर सगळीच पडतात. बॉक्सच्या वाणांत ह्या रोगाला सर्वांत लवकर बळी पडणाऱ्यांत तोच जुना ठेंगणा वाण मोडतो. 1845 नंतर आयर्लंडमध्ये बटाट्याचे जे झाले, ते पाठ्यपुस्तकातून आपण शिकवतोच. तेथे माणसे मेली, येथे बागा. दोन्हींची तुलना करू नये हे खरे, पण कारणाची जात एकच आहे.

बुरशीमागोमाग पतंग आला. चीन, कोरिया, जपान हा मूळ प्रदेश असलेला बॉक्सचा पतंग 2007 साली जर्मनीत आढळला. रोपांच्या व्यापारातून तो आला असे मानले जाते. ह्याच्या हिरव्या-काळ्या अळ्या बॉक्सच्या विषाला भीत नाहीत. उलट ते विष त्या स्वतःच्या शरीरात साठवतात. वर्षात दोन-तीन पिढ्या होतात. पाने संपली की अळ्या साल कुरतडतात आणि मग मात्र ज्या सुप्त कळ्यांवर माळ्यांची चारशे वर्षे भिस्त होती, त्याही वाचत नाहीत. बॅसिलस थुरिंजिएन्सिस ह्या जिवाणूचा फवारा अळ्यांवर चालतो, पण तो वेळेवर आणि आतपर्यंत पोचावा लागतो. राजवाड्याच्या बागेत हे जमते. रानात कोण फवारणार?

आणि बॉक्स रानातही आहे, हे बागेच्या नादात विसरले जाते. काळ्या समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर, रशिया आणि जॉर्जियाच्या डोंगरउतारांवर, बॉक्सची जुनी जंगले होती. तेथे तो गुडघाभर नसतो. शेवाळाने मढलेली, कित्येक मीटर उंचीची, शतकानुशतके वाढलेली झाडे असतात. 2014 च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी रशियातील सोची शहर सजवायचे होते. त्यासाठी 2012 मध्ये इटलीतून बॉक्सची रोपे आणली गेली आणि त्यांच्याबरोबर पतंग आला. दोन-तीन वर्षांत तो सोचीजवळच्या खोस्ता येथील संरक्षित यू-बॉक्स वनात पोचला आणि तेथला बॉक्स जवळजवळ सगळा वाळला. तेथून तो कॉकेससभर पसरला. शहराच्या रस्त्याकडेला नीटस हिरव्या रेघा हव्यात एवढ्यासाठी हजारो वर्षांचे रान गेले. ह्या हकिगतीत आम्हांला सर्वांत जास्त टोचणारी गोष्ट हीच. बागेतली रेघ पुन्हा आखता येते.

ती आखायची कशाने, हा प्रश्न आता युरोपातील माळ्यांपुढे पुन्हा नव्याने उभा आहे. बहुतेकांची पहिली पसंती जपानकडच्या आयलेक्स क्रेनाटा ह्या झुडपाला असते. लांबून पाहिले तर तो बॉक्सच वाटतो. पण त्याला आम्ल जमीन मानवते. चुनखडीच्या जमिनीत पाने पिवळी पडतात आणि युरोपात अशा जमिनी पुष्कळ. यू हा सूचिपर्णी वृक्ष कात्री उत्तम सोसतो, जुन्या लाकडातून फुटतो आणि दीर्घायुषी आहे. मात्र गुडघ्याएवढा ठेवायचा तर माळ्याला त्याच्याशी सतत झगडावे लागते आणि पाणी साचले की तो मरतो. लोनिसेरा निटिडा झपाट्याने वाढतो, म्हणजे कात्री हातातून सुटतच नाही. बारीक पानांचा युओनिमस दिसायला चांगला, पण त्याला भुरी आणि खवले कीड छळतात. काहींनी तर पार्किन्सनने बाजूला ठेवलेले जर्मँडर परत आणले आहे. बेल्जियममधील पैदासकारांनी आशियाई बॉक्सशी संकर करून बुरशीला बऱ्यापैकी दाद न देणारे वाण काढले आहेत, पण पतंगाच्या अळ्या तेही खातात. चुनखडी, ओल, थंडी, मजुरी ह्यांचा हिशेब प्रत्येक बागेत वेगळा लागतो, म्हणून चारशे वर्षे एकच असलेल्या उत्तराच्या जागी आता पाच-सहा उत्तरे दिसतात. काही बागांत तर एकाच आराखड्यात दोन-तीन जातींची झुडपे लावून पाहत आहेत. रेघेचा रंग मग जागोजागी थोडा बदलतो आणि जुन्या वळणाचे माळी त्यावर नाक मुरडतात.

व्हो-ल-व्हिकोंतमध्ये मात्र कोणतेच झुडूप पसंतीला उतरले नाही. द्युशेनने लावलेले भरतकाम रोगाने आणि अळ्यांनी इतके खिळखिळे झाले होते की 2019 साली ते उपटून टाकण्यात आले. त्या जागी पात्रिक उर्काद ह्या कलावंताने चकचकीत ॲल्युमिनियमच्या पट्ट्या मांडल्या. वाड्याच्या वरच्या मजल्यावरून पाहिले की वळणे तीच, पण रेघ हिरवी नाही. तिच्यात आकाश दिसते.